उजवीकडचं दार

रुवीतल्या त्या दुकानात, इस्त्रीवाल्याच्या शेजारी,
निषादने छापील फॉर्म पुढे सरकवला.
त्यावर गाडीचं चित्र, सोलून पसरलेल्या सालीसारखं:
छप्पर मधे, दारं दोन्ही अंगांना.
तो गाडीभोवती फिरला. ओरखडा दिसला की चित्रात गोल.
अण्णा त्याच्या मागून फिरले
आणि त्याला न दिसलेले आणखी तीन दाखवले.
"लॉगशीटला नसेल तर ड्रायव्हरच्या पगारातून जातं," म्हणाले,
मराठीतच. निषादने तीन गोल वाढवले.

दिवसाचे अकरा रियाल, अडीचशे किलोमीटर फुकट,
पुढे किलोमीटरला पन्नास बैसा.
सही माझी.

मग अण्णांनी उजवीकडचं दार उघडलं,
महाड डेपोत एकतीस वर्षं उघडलं तसं.
बसले, सीट मागे घेतली, हात पुढे केले.
पुढे स्टिअरिंग नव्हतं. डॅशबोर्डचा कप्पा होता.
तो उघडला, आत पाहिलं, बंद केला,
जणू तेवढ्यासाठीच हात गेले होते.

मस्कत लवकर संपत नाही.
संपलं तेव्हा एकदम डोंगर लागले,
गवताची काडी नाही, करवंदीची जाळी नाही.
"ह्यांना कुणी कपडेच शिवले नाहीत," अण्णा म्हणाले,
आणि बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिले.
एकशे वीसच्या वर गेलं की गाडी टुंग टुंग करायची.
"आमच्याला लॉकच होतं. ही नुसती कुरकुरते."
पुढे टँकर आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

बिरकत अल मोज. मोज म्हणजे केळी, मी सांगितलं.
पुढे चौकी. पोलीस वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा.
त्याने आमच्या पांढऱ्या यारिसच्या चाकांकडे पाहिलं
आणि हसला.
"फोर बाय फोर?"
मला नियम ठाऊक होता. मी फक्त अकरा रियाल बघितले होते.

अण्णांनी काच खाली केली. "विचार त्याला, उतार किती?"
त्याला हिंदी येत होतं. "चाचा, ऊपर तो सब जाते हैं.
नीचे आते हैं, तो ब्रेक जलता है."
"न्यूट्रलवर सोडत असतील गाढवं,"
अण्णा मला म्हणाले, खूष होऊन.
वरंध्याच्या घाटात डिझेल वाचवायला कोण कोण तसं उतरायचं,
त्यातला कोण कुठे आहे आता,
हे सगळं त्यांनी वळण घेऊन खाली येईपर्यंत सांगितलं.

खजुरांच्या खाली फलज वाहत होता,
हातभर रुंद, कुणाच्या तरी पाळीचं पाणी.
आम्ही दशम्या सोडल्या. लसणीची चटणी तेलात भिजलेली.
केळी होती, पण हिरवी.

"मैदान मोकळं आहे. घ्या एक चक्कर."
"माझा बिल्ला इथला नाही, कुंदा."
मी करक चहा आणायला गेले, दोन कप घेऊन परतले,
तर ते डावीकडे बसलेले.
इंजिन बंद. हात मांडीवर. आरसा फिरवत होते.
"तुझा चुकीचा लावलेला," म्हणाले, आणि उतरले.
निघताना बघते तर आरशात नुसतं आभाळ.
तो त्यांच्या उंचीला लावलेला. मी खाली केला, थोडासा.

रुवीत पोचलो तेव्हा इस्त्रीवाला कोळसे विझवत होता.
"अडतीस जास्त झाले," अण्णा म्हणाले, काट्याकडे न बघता.
निषादने बघितलं. अडतीस.
एक रियाल नऊशे. तो वरचे नऊशे सोडत होता.
अण्णांनी सुटे मोजून दिले आणि पावती मागितली.

मग बॅटरी घेऊन तो पुन्हा फिरला. नवा गोल कुठे नाही.
उजवीकडचं दार उघडलं.
रबरी मॅटवर, ब्रेक जिथे असता तिथे,
वाळू टाचेने घोटून गुळगुळीत झाली होती.
निषादने मॅट बाहेर काढली,
पायरीवर दोनदा झटकली,
आणि परत जागेवर ठेवली.